मानमोडीचे मृत्यू कोणी मोजले? वर्धा जिल्ह्याच्या निमित्ताने

कोविडच्या मृत्यूंविषयी वाद निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते. १९१८ च्या साथीत भारतात सव्वा कोटीहून अधिक माणसे गेली, कोविडमध्ये पाच लाख. त्या साथीपुढे ही साथ किरकोळच होती. वाक्यातील दोन्ही आकडे कागदोपत्री सापडतात, तरीही तुलना टिकत नाही. पहिला आकडा साथ ओसरल्यावर जनगणना आणि वजाबाकी यांच्या आधारे काढलेला अंदाज आहे. दुसरा आकडा ज्यांची चाचणी झाली आणि ज्यांच्या नावापुढे तो रोग लिहिला गेला, अशा मृतांची बेरीज आहे. एकीकडे अंदाज आणि दुसरीकडे नोंद ठेवून केलेली ही तुलना आहे. १९१८ चा आकडा नेमका कसा तयार झाला हे पाहिले, तर आजच्या वादातील बरीच धूळ खाली बसते. त्यासाठी वर्धा जिल्ह्यापासून आरंभ करणे सोयीचे आहे, कारण ब्रिटिश हिंदुस्थानात त्या साथीचा सर्वाधिक मृत्युदर ज्या मध्य प्रांतात नोंदला गेला, त्यातला हा एक मराठी जिल्हा.

१८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढलेला वर्धा जिल्हा तेव्हा वर्धा, आर्वी आणि हिंगणघाट अशा तीन तहसिलींचा होता. कापसाचा मुलूख. मुंबईहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग पुलगाव आणि वर्धा या स्थानकांवरून जात असे आणि वर्ध्याहून एक फाटा हिंगणघाटमार्गे दक्षिणेकडे वळे. जून १९१८ मध्ये मुंबई बंदरात इन्फ्लुएन्झाची पहिली लाट आली, ती तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरमध्ये दुसरी, घातक लाट उसळली आणि आगगाडीबरोबर देशाच्या पोटात शिरली. मुंबई शहरात ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मृत्यूंनी कळस गाठला. मध्य प्रांतात ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे महिने काळ ठरले. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता, धान्य महागले होते आणि कापूस वेचणीचा हंगाम तोंडावर होता. महाराष्ट्रात या साथीला ‘मानमोडी’ असे नाव पडले. वीस ते चाळीस या वयातील, म्हणजे हाताशी आलेली माणसे तिने अधिक नेली, आणि भारतात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक दगावल्या.

हे मृत्यू लिहिले कोणी? मध्य प्रांतात मृत्यूची नोंद १८६० च्या दशकापासून सुरू झालेली होती. ती करण्याचे काम गावच्या कोतवालाकडे होते. मराठी जिल्ह्यांत हा कोतवाल बहुधा महार समाजातील असे. गावात कोण जन्मले, कोण मेले, हे लक्षात ठेवून किंवा कोणाकडून वहीत टिपून घेऊन तो ठरावीक फेरीत पोलीस ठाण्यावर हजर होई आणि सांगे. ठाण्यातून आकडे जिल्ह्याला, जिल्ह्यातून प्रांताच्या स्वच्छता आयुक्ताकडे, तेथून सिमल्याला जात. वर्धा नदी ओलांडली की पलीकडे वऱ्हाडात हेच काम गावच्या पाटलाकडे होते. साम्राज्याच्या छापील अहवालात शेवटच्या अंकापर्यंत नेमका दिसणारा आकडा अखेर या अल्पवेतनी, बहुधा निरक्षर, गावकुसाबाहेर राहणाऱ्या माणसाच्या स्मरणावर उभा होता. ज्या घरांच्या उंबरठ्याच्या आत त्याला पाऊल टाकता येत नव्हते, त्या घरांतले मृत्यूही त्यानेच सांगायचे होते.

नोंदीच्या तक्त्यातील रकाने ठरलेले होते. पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वसनाचे विकार, अपघात आणि इतर. इन्फ्लुएन्झासाठी रकाना नव्हता. असता तरी कोतवालाने तो कशाच्या आधारे भरायचा? मानमोडीने मेलेला माणूस ‘ताप’ या सदरात गेला. त्याच सदरात हिवतापाचे, विषमज्वराचे, प्रसूतीनंतरच्या तापाचे आणि निदान न झालेल्या कित्येक आजारांचे मृत्यू एरवीही जात असत. त्यामुळे ‘इन्फ्लुएन्झाचे मृत्यू’ असा आकडा कोणत्याही गावाच्या, ठाण्याच्या वा जिल्ह्याच्या दप्तरात मुळात अस्तित्वातच नव्हता. तो नंतर घडवावा लागला.

तो घडवण्याची रीत साधी होती. मागच्या काही सामान्य वर्षांत या महिन्यांत सरासरी किती माणसे मरत, ते पाहायचे. १९१८ मध्ये त्याच महिन्यांत किती मेली, ते पाहायचे. आणि वजाबाकी करायची. उरेल ते साथीच्या खात्यावर. भारत सरकारचे स्वच्छता आयुक्त नॉर्मन व्हाइट यांनी १९१९ साली प्राथमिक अहवाल सादर केला, तो याच रीतीने. त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानात किमान ५० लाख आणि संस्थाने धरून सुमारे ६० लाख मृत्यूंचा अंदाज दिला. आज ज्याला ‘अतिरिक्त मृत्यू’ म्हणतात, ते हेच. एका शतकानंतर जागतिक आरोग्य संघटनेने वापरलेली आणि भारत सरकारने आक्षेप घेतलेली पद्धत तत्त्वतः भारत सरकारच्याच एका अधिकाऱ्याने १९१९ मध्ये वापरलेली होती. हा तपशील दोन्ही बाजूंच्या वादपटूंच्या फारसा ध्यानात नसतो.

व्हाइट यांचा आकडा फार काळ टिकला नाही. १८ मार्च १९२१ च्या रात्री जनगणना झाली आणि देशात जितकी माणसे असायला हवी होती तितकी ती भरेनात. जनगणना आयुक्त जे. टी. मार्टेन यांना मध्य प्रांत परका नव्हता. १९११ ची मध्य प्रांत आणि वऱ्हाडची जनगणना त्यांच्याच देखरेखीखाली झाली होती. गावपातळीवरची नोंद कशी होते आणि कुठे गळते, याची त्यांना जवळून माहिती होती. साथीच्या ऐन भरात नोंदीची यंत्रणाच कोलमडली होती, हे त्यांच्या अहवालात आले आहे. जो कोतवाल मृत्यू सांगायला जायचा, तोच अंथरुणाला खिळला किंवा मेला. ठाण्यातला कारकून आजारी पडला. म्हणजे मृत्यू जेव्हा सर्वांत जास्त, तेव्हाच नोंद सर्वांत कमी विश्वासार्ह. मार्टेन यांनी संपूर्ण भारतासाठी अंदाज १ कोटी २० ते ३० लाखांवर नेला. काही वर्षांतच सरकारी आकडा दुप्पट झाला, आणि त्या वर्षांत साथीने नव्याने साठ लाख माणसे नेली नव्हती.

पुढे १९५१ मध्ये किंग्जली डेव्हिस यांनी दोन जनगणनांमधील हयात माणसांच्या हिशेबावरून हा अंदाज दोन कोटींच्या घरात नेला. १९८६ मध्ये इयन मिल्स यांनी तो १ कोटी ७० ते ८० लाख असा मांडला. २०१२ मध्ये सिद्धार्थ चंद्रा आणि सहकाऱ्यांनी जिल्हावार आकडे घेऊन ब्रिटिश अमलाखालील भागासाठी सुमारे १ कोटी ३९ लाख ही संख्या काढली. जगाचा आकडाही असाच हलत आला आहे. १९२७ मध्ये दोन कोटींच्या थोडा वर, १९९१ मध्ये अडीच ते चार कोटींच्या दरम्यान आणि २००२ मध्ये पाच कोटी. तेव्हा ‘१९१८ मध्ये इतके मेले’ असे ठणकावून सांगणाऱ्याला, कोणाच्या हिशेबाने, हे विचारणे वावगे नाही.

अंदाज इतके का हलतात, हे वर्धा जिल्ह्याच्या चार-पाच जनगणनांवरून हाताने पडताळता येते. ढोबळ आकडे असे : १८९१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४ लाख होती. १९०१ मध्ये ती ३ लाख ८५ हजारांवर घसरली. मधल्या दशकात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पडून गेले होते. १९११ मध्ये ती ४ लाख ६० हजार झाली. आणि १९२१ मध्ये ४ लाख ६४ हजार. दहा वर्षांत अवघी चार हजारांची भर. १९३१ मध्ये ती ५ लाख १६ हजारांवर पोहोचली.

आता प्रश्न असा की, साथ आली नसती तर १९२१ मध्ये किती माणसे असती? १९०१ ते १९११ या दशकाची वाढ, म्हणजे सुमारे १९ टक्के, ‘सामान्य’ मानली, तर जिल्ह्यात साडेपाच लाखांच्या आसपास माणसे हवी होती. तूट सुमारे ८५ हजारांची. पण ते दशक दुष्काळानंतरच्या भरपाईचे होते, परागंदा झालेली कुटुंबे परतण्याचे होते. ते सामान्य कसे मानावे? त्याऐवजी १९२१ ते १९३१ या दशकातील १२ टक्क्यांच्या आतली वाढ धरली, तर तूट ५० हजारांच्या आसपास येते. आणि कोणी हट्टाने १८९१ ते १९०१ हे दुष्काळी दशक पायाला घेतले, तर उत्तर चमत्कारिक येते : १९२१ मध्ये जिल्ह्यात असायला हवी होती त्यापेक्षा माणसे जास्तच होती, म्हणजे मानमोडीने वर्ध्यात कोणी मेलेच नाही! जिल्हा तोच, जनगणनाही त्याच. केवळ ‘नेहमीची स्थिती’ कोणती मानायची, एवढ्यावर ८५ हजारांचे शून्य होते.

ही तूट म्हणजे मृत्यूंची संख्या नव्हे, हेही येथे नोंदवायला हवे. तिच्यात न झालेले जन्म आहेत, कारण तरुण स्त्रिया मोठ्या प्रमाणात दगावल्यावर पुढच्या वर्षी पाळणे कमीच हलले. तिच्यात स्थलांतर आहे. त्या दशकातील प्लेग आहे, १९१८ चा अवर्षणाचा फेरा आहे. भुकेने खंगलेला माणूस इन्फ्लुएन्झाने गेला, तर त्याला दुष्काळाच्या खात्यावर घालायचे की साथीच्या? वजाबाकी या प्रश्नाचे उत्तर देत नाही. ती सर्वांना एका गाठोड्यात बांधते. हा तिचा दोष आहे आणि एका अर्थी प्रामाणिकपणाही, कारण त्या वर्षी एकूण किती माणसे वेळेआधी गेली, एवढेच ती सांगते.

प्रांताप्रांतांच्या तुलनेतही हाच खड्डा आहे. त्या वेळच्या तक्त्यांत मध्य प्रांत सर्वांत वर आणि बंगाल बराच खाली दिसतो. साथ पूर्वेकडे सरकताना खरोखरच मंदावली असे अभ्यासकांना आढळले आहे, त्यामुळे फरक खोटा म्हणता येणार नाही. मात्र त्यातला काही भाग साथीचा आणि काही भाग नोंदीचा असू शकतो. जिथे कोतवाल नियमाने ठाण्यावर जातो, तो प्रांत अहवालात अधिक रोगट दिसतो. जिथे कोणी विचारतच नाही, तो निरोगी. कोविडकाळात ज्या राज्यांनी अधिक चाचण्या केल्या, त्यांच्याच नावाने बोटे मोडली गेली, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

आता अलीकडच्या काळाकडे. २०२० मध्ये रकाना तरी होता, चाचणी होती, संगणकीय नोंद होती. तरी गोंधळ चुकला नाही. १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राने आधी न मोजलेले १,३२८ मृत्यू एकाच दिवशी आपल्या बेरजेत घातले. त्यांतील ८६२ एकट्या मुंबईचे होते. राज्याच्या दैनंदिन पत्रकात कोविडच्या मृत्यूंशेजारी ‘इतर कारणांमुळे मृत्यू’ असा आणखी एक स्तंभ असे, म्हणजे बाधित होता पण मेला दुसऱ्या कारणाने. आजच्या तारखेखाली छापलेल्या मृत्यूंत कालचे, गेल्या आठवड्याचे आणि त्याही आधीचे मृत्यू मिसळलेले असत. वाचणारा मात्र ‘आज इतके गेले’ असेच वाचत असे.

वर्धा जिल्ह्यात यात आणखी एक पदर होता. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालये. यवतमाळ, अमरावती, चंद्रपूरकडचे अत्यवस्थ रुग्ण येथे येत आले आहेत. यवतमाळच्या माणसाने सावंगीत प्राण सोडला, तर तो मृत्यू कोणत्या जिल्ह्याचा? मृत्यूच्या जागेवरून मोजले तर वर्धा, राहत्या घरावरून मोजले तर यवतमाळ. रुग्णालय चांगले असलेला जिल्हा पहिल्या रीतीने अधिक घातक दिसू लागतो. १९१८ च्या कोतवालापुढे हा प्रश्न क्वचितच येत असेल. त्याच्या गावचा माणूस त्याच्या गावातच मरत होता.

२०२१ मध्ये मोजणीला पैशाचा प्रश्न येऊन मिळाला. ३० जून २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मृतांच्या कुटुंबांना सानुग्रह साहाय्य देण्याविषयी आदेश दिला. पुढे ही रक्कम ५० हजार रुपये ठरली आणि चाचणीनंतर ३० दिवसांच्या आत झालेला मृत्यू, रुग्णालयाबाहेर झाला तरी, कोविडचा धरावा असे ठरले. परिणाम तात्काळ दिसला. जानेवारी २०२२ पर्यंत महाराष्ट्रात नोंदलेले कोविड मृत्यू सुमारे १ लाख ४१ हजार होते आणि साहाय्यासाठी आलेले अर्ज २ लाखांहून अधिक. नियम रुंदावला तशी मोजणी रुंदावली. खोटे दावेही आले असावेत, म्हणूनच मार्च २०२२ मध्ये न्यायालयाने महाराष्ट्रासह चार राज्यांतील पाच टक्के अर्ज तपासण्याची मुभा केंद्राला दिली. एक फरक ठळक आहे. १९१८ मध्ये आपल्या माणसाचा मृत्यू नोंदवून कुटुंबाच्या हाती काहीच पडत नव्हते. २०२१ मध्ये प्रमाणपत्रावरील एका ओळीवर विधवेला मिळणारी रक्कम अवलंबून होती. ज्याची चाचणीच झाली नाही आणि जो घरीच गेला, त्याच्या घरच्यांकडे ती ओळ नव्हती.

राष्ट्रीय पातळीवरचा वाद ५ मे २०२२ रोजी पेटला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात सुमारे ४७ लाख अतिरिक्त मृत्यू झाल्याचा अंदाज प्रसिद्ध केला. अधिकृत संख्या तेव्हा ४ लाख ८० हजारांच्या आसपास होती. भारत सरकारने गणिती प्रारूपाला आणि काही राज्यांच्या आकड्यांवरून देशाचा अंदाज बांधण्याला हरकत घेतली. तिच्यातील एक मुद्दा वजनदार होता. नोंदणीचे प्रमाण दरवर्षी सुधारत असेल, तर नोंदलेले मृत्यू साथ नसतानाही वाढतात. २०१८ मध्ये देशात सुमारे ६९ लाख ५० हजार मृत्यू नोंदले गेले, २०१९ मध्ये ७६ लाख ४० हजार. तेव्हा कोविड नव्हता. पुढे २०२० मध्ये ही संख्या ८१ लाखांवर गेली, ती वाढ आदल्या वर्षीच्या वाढीहून कमीच. वर्ध्याच्या वाढीचा दर ठरवताना जी अडचण आली, तीच ही.

परंतु हाच युक्तिवाद २०२१ ला लावता येत नाही. त्या वर्षाचे आकडे सरकारने मे २०२५ मध्ये, जवळजवळ साडेतीन वर्षांनी, प्रसिद्ध केले. २०२१ मध्ये १ कोटी २ लाखांहून अधिक मृत्यू नोंदले गेले होते. आदल्या वर्षाहून सुमारे २१ लाख जास्त. नोंदणी सुधारल्याने एका वर्षात एवढी उडी पडत नाही. सरकारच्याच तक्त्यातील ही वजाबाकी ४७ लाखांना दुजोरा देते असे नाही, मात्र पाच लाखांचा आकडा पुरेसा होता असे म्हणणे तिने अवघड करून ठेवले. आणि नोंदलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित झालेले मृत्यू चारांत एकाहूनही कमी आहेत. उरलेल्या तिघांपुढे कोतवालाच्या ‘ताप’ या रकान्याहून फार वेगळे काही नाही.

आता आरंभीच्या तुलनेकडे परत येता येईल. १९१८ साठी मार्टेन यांच्या अंदाजानुसार सव्वा कोटी मृत्यू आणि ३१-३२ कोटी लोकसंख्या धरली, तर दर हजारी सुमारे ४० मृत्यू होतात. कोविडचे अधिकृत ४ लाख ८० हजार १४० कोटींत वाटले, तर दर हजारी एक तृतीयांश. जुनी साथ शंभराहून अधिक पट घातक ठरते. त्याऐवजी अंदाजासमोर अंदाज ठेवला, म्हणजे ४७ लाख धरले, तर दर हजारी साडेतीनच्या आत येतो आणि जुनी साथ सुमारे बारा पट ठरते. मानमोडी कितीतरी अधिक भीषण होती, यात कोणत्याही हिशेबाने शंका उरत नाही. पण बारा पट आणि शंभर पट यांतील अंतर साथींमधले नाही. ते मोजण्याच्या रीतींमधले आहे, आणि ‘किरकोळ’ हा शब्द त्याच अंतरात जन्मतो.

१९१८ च्या आकड्याला जनगणनेची कसोटी अडीच वर्षांत लागली होती. २०२१ ची जनगणना झालीच नाही. जून २०२५ मध्ये निघालेल्या अधिसूचनेनुसार देशातील बहुतांश भागासाठी पुढील जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. ती आणि २०११ ची जनगणना यांच्यामध्ये सोळा वर्षांचे जन्म, मृत्यू आणि स्थलांतर साठलेले असेल, आणि त्या सोळांतून ही दोन वर्षे वेगळी काढण्यासाठी पुन्हा कोणती वर्षे सामान्य होती, हे आधी ठरवावे लागेल.